कटंगीच्या चुलीवर दोन सासवा

नागपूर सोडतानाच न्जेरीनं मला बजावलं, "कटंगीलाही त्या नीट जेवल्या नाहीत, तर पुढच्या बोटीनं परत जाणार."

न्जेरी माझी शेजारीण. केनिया स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि तिचा नवरा तिकडून शेतकी शिकायला आला होता. 'त्या' म्हणजे तिच्या सासूबाई, वान्जिरू. समुद्र ओलांडून मुलाकडे आल्या, पण सुनेच्या हातचं काही गोड लागेना. म्हणून मी दोघींना माझ्या सासरी, कटंगीला, नेत होते. माझ्या सासूबाईंपुढे कुणाचीही सासू मवाळ दिसते.

तुमसरहून बस पकडली. दोन्हीकडे धानाच्या बांध्या (भातखाचरं). वान्जिरूबाईंच्या मांडीवर देशाहून आणलेली मक्याच्या पिठाची पिशवी होती. एका खड्ड्यात ती उसवली आणि पुढच्या बाकावरचे काळ्याभोर मिशांचे गृहस्थ एकाएकी म्हातारे झाले.

"हौ, होते असं," मिशा झटकत ते म्हणाले.

उरलेल्या पिठाची न्जेरीनं संध्याकाळी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) करायला घेतली. माझ्या सासूबाई दारात उभ्या.

"काहून वं, ही पोरगी सैपाक करून राह्यली का भिंत लिपून राह्यली?"

मी न्जेरीला इंग्रजीत सांगितलं, "तुझ्या हातात जोर आहे म्हणतात." तिनं ते त्यांच्या किकुयू भाषेत सासूला सांगितलं. वान्जिरूबाई तावातावानं बरंच बोलल्या.

न्जेरी म्हणाली, "घर छान आहे म्हणतात."

"एवढी बोलली, अन् एवढंसंच?" सासूबाईंनी मला बाजूला सारलं. वान्जिरूबाईंनी न्जेरीच्या हातातला चाटू घेतला. एक घोटू लागली, दुसरी जाळ सारू लागली. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून घोरण्याची नक्कल केली. वान्जिरूबाईंनी न्जेरीकडे पाहून खारट तोंड केलं. मग दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आम्ही सुना ओसरीवर तोंड पाडून बसलो. वान्जिरूबाई मात्र वांग्याच्या भाजीशी उगाली दोनदा मागून जेवल्या, आणि सासूबाईंनीही एक गोळा संपवला.

चौथ्या दिवशी परतताना बसमध्ये त्यांनी जाहीर केलं, आणखी महिनाभर राहणार. न्जेरीला हसावं की रडावं कळेना.

"आणखी एक सांगतात," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर तुझ्या सासूनं तुझ्याकडे बोट केलं आणि छातीवर हात ठेवला. म्हणजे सून काळजातली आहे."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे मला पहिल्यांदाच कळत होतं, तेही किकुयूतून, इंग्रजीमार्गे.

मका खाल्ला की सासूबाईंच्या छातीत जळजळतं. पण ते मी न्जेरीला सांगितलं नाही. स्वतःलाही फारसं सांगितलं नाही.