गोधडीच्या चार फेऱ्या

पेडगावात धुरपताबाईच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. नावं ठेवायचं काम तिच्याकडेच होतं. काठापासून फेऱ्या घालत घालत गोधडीच्या मधोमध यायचं. दोरीचं माप नाही, खडूची रेघ नाही, सगळं नजरेवर. पंचेचाळिशीच्या या बाईला आपल्या नजरेचा भलता गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो तिला शोभतही होता.

हैदराबाद राज्य मोडून परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या थंडीत तिची लेक दैवशाला बाळंतपणाला माहेरी आली. धुरपताबाईनं लगेच दोन कामं काढली. जुन्या लुगड्यांची लहान गोधडी आणि लोकरीचं टोपडं. लोकर नवऱ्यानं, भुजंगरावानं, परभणीहून आणली. विणायच्या सुया म्हणजे मोडक्या छत्रीच्या घासलेल्या काड्या.

"गोधडीच्या चार फेऱ्या ऱ्हायल्या, टोपड्याच्या आठ वळी," तिनं शेजारच्या बायनाबाईला सांगितलं. "पुनवेच्या आत दोनी हातावेगळी."

त्या दिवशी तिनं दोन फेऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी उन्हाला बसून बघते तर बाकी पुन्हा चारच. मोजताना चुकलं असेल म्हणून तिनं परत दोन घातल्या. तिसऱ्या दिवशी परत चार! जुन्या मऊ लुगड्यात सुईची भोकं तरी कुठं दिसायला!

"वैनी, डोळे गेले तुमचे," बायनाबाई म्हणाली. ती असल्या संधीची वाटच बघत होती. धुरपताबाई तिच्यावर खेकसली खरी, पण आयुष्यात पहिल्यांदा तिनं फेऱ्या बोटानं चाचपून मोजल्या. नजर गेली तर मागं राहिलं काय?

संध्याकाळी तिनं टोपडं हातात घेतलं. त्याच्याही ओळी कमीच. पण लोकरीचा सुटा धागा बघून ती ताठ बसली. धागा नागमोडी झाला होता. नवी लोकर सरळ असते. विणून उसवली की तिला वळणं पडतात. डोळे शाबूत होते! आनंदानं ती ओरडणारच होती, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की घरात तिच्याशिवाय बाईमाणूस एकच.

दैवशाला चुलीपुढं बसली होती. धुरपताबाईनं टोपडं तिच्या पुढ्यात ठेवलं. "का उसवायलीस, बाई?"

दैवशालेनं मान वर केली नाही. "माय, गेल्या खेपेला तू समदं आधीच पुरं केलंस. गावभर दाखवलंस. पाचवी पुजायच्या आत लेकरू गेलं माजं. आता ते पुरं व्हायला लागलं, की मला लय भ्या वाटायलंय."

लेकरू तापानं गेलं, टाक्यानं नव्हे, हे धुरपताबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अवघडलेल्या अंगानं, एक धागा न तोडता, रोज लपून उसवत बसलेली लेक तिच्या डोळ्यांपुढं आली आणि तिचा जीव कळवळला. "मग ऱ्हाऊ दे आपुरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तवा पुरं करू."

अर्धं काम घरात ठेवणं म्हणजे तिच्या हाताला खाजकुयली लागल्यासारखं होतं. तरी तिनं सुई लावली नाही. गोधडी दोरीवर दिसली की बायनाबाई विचारायची, "झाली का न्हाई आजून?"

"टाका माजा हाय. व्हायचा तवा हुईल," धुरपताबाई ठसक्यात सांगायची.

मुलगी झाली. पाचवी झाली, बारसं झालं, सव्वा महिना लोटला. अपुरीच गोधडी पांघरून पोरगी बाळसं धरत होती. एके सकाळी दैवशालेनं तिला पाजून उन्हात झोपवलं आणि तिच्या अंगावरची गोधडी काढून घेतली.

"माय, सुई दे. टोपडं तू पुरं कर, ही म्या करते."

धुरपताबाईनं दोरा ओवून दिला आणि छत्रीच्या काड्या घेऊन शेजारी बसली. लेकीचे टाके लहानमोठे पडत होते. त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवून ती विणत राहिली. ऊन चांगलं वर आल्यावर मधल्या चौकोनात शेवटचा टाका पडला.

दैवशालेनं दातानं दोरा तोडला, गोधडी तशीच टाकली आणि लगबगीनं पोरीच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. तिनं बराच वेळ हात काढला नाही. मग ती मोठ्यांदा रडू लागली, आणि धुरपताबाईनं तिला पोटभर रडू दिलं.