पिल्लाला महिन्याची मुदत

कुत्र्याचं पिल्लू आणताना सासूबाईंना मी विचारलं नव्हतं. नवरा वर्षभरासाठी चेन्नईत, मी सकाळी साडेआठच्या कंपनीच्या बसने हिंजवडीला, दिवसभर घरात त्या एकट्या. तुम्हाला सोबत होईल, असं मी म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला सोबत हवी आहे असं मी कधी म्हटलं होतं?" मग त्यांनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात घरात घाण करायचं थांबलं तर राहील, नाहीतर ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीकडून आणलं तिच्याकडे परत.

क्रेट, म्हणजे त्याचा झोपायचा जाळीचा पिंजरा, हॉलमध्ये ठेवला. दुसरीकडे मावतच नव्हता. तिथून देवघर सहा पावलांवर, आणि ही सहा पावलंच मला खाऊ लागली.

मी पाचला उठून पिल्लाला खाली न्यायचे. पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीचं चाक हुंगून व्हायचं, पण कार्यभाग काही उरकायचा नाही. चाळिशी ओलांडलेली मी त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडायचे. वर येऊन ते दूध प्यायचं, क्रेटमध्ये शिरायचं आणि थोड्या वेळाने तिथेच करायचं. वर माझ्याकडे असं बघायचं, की जणू शाबासकी हवी. मी साबणाच्या पाण्याने क्रेटच्या तळाचा ट्रे घासत बसायचे आणि सासूबाईंच्या खोलीचं दार वाजलं की आणखी जोरात घासायचे.

ऑफिसात फोन वाजला की तो त्यांचाच असणार असं वाटायचं. त्यांनी एकदाही केला नाही. संध्याकाळी मी चपला काढत असताना त्या पेपरातून मान वर न करता फक्त "दोनदा" म्हणायच्या. त्या एका शब्दाने मला जेवण जात नसे. त्या दिवस मोजत आहेत आणि मनातून खूश आहेत, अशी माझी खात्री झाली होती.

चौथ्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही. तिथे लघवीचा वास राहत असेल, म्हणून ते तिलाच मोरी समजतंय. मला राग आला. इतकं घासून माझ्या बोटांची सालं निघाली होती. वास राहील कुठून? घरी येताना मी हरले आणि मैत्रिणीला रविवारी येऊन त्याला घेऊन जा म्हणून कळवलं. सासूबाईंना सांगायचं धैर्य झालं नाही.

शुक्रवारी मी घरूनच काम घेतलं, पिल्लासोबत तेवढाच एक दिवस जास्त मिळावा म्हणून. नऊच्या सुमारास पाणी प्यायला बाहेर आले, तर पूजा आटोपलेल्या सासूबाई क्रेटपुढे वाकलेल्या. हातात फुलपात्र आणि तुळशीचं पान. चारी कोपऱ्यांत शिंपडलं, गादीवरही शिंपडलं. मंडईजवळून आणलेली गोमूत्राची बाटली देवघराच्या कपाटात असते, ती उघडी होती. पिल्लू आत गेलं, कोपरा हुंगला, एक गिरकी घेतली आणि पाय फाकवून बसलं.

"आई, हे रोज करता?"

"रोज, तू बसला गेलीस की. समोर देव आहेत. शुद्ध केलं की मनाला टोचत नाही, मग त्याला राहू दे म्हणता येतं."

डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं. "म्हणजे जागा मी दाखवत होते," त्या म्हणाल्या, "आणि बोलणी ते खात होतं." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मी घासणी आणली, तर ती माझ्या हातातून काढून घेऊन त्या स्वतः ट्रे घासायला बसल्या. रविवारचं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एका पिल्लाचा काय भरवसा, असं स्वतःला सांगून मी गप्प बसले. शनिवारी क्रेट एकदाच ओला झाला.

रविवारी दहाला मैत्रीण टोपली घेऊन दारात आली. क्रेट रिकामा आणि कोरडा होता, खुंटीवर पट्टा नव्हता. सासूबाईही घरात नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी खाली उतरणं टाळतात. आम्ही दोघी उभ्या असतानाच लिफ्टचं दार उघडलं. पिल्लू पुढे, त्या मागे, पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला.

"झालं त्याचं, कडुनिंबापाशी," त्या मला म्हणाल्या. मग त्यांना टोपली दिसली. मैत्रीण कोण आणि कशाला आली आहे, हे मला सांगावंच लागलं. इतकी लाज मला त्या घरात कधीच वाटली नव्हती.

"महिना बुधवारी संपतो," सासूबाई म्हणाल्या. "आज रविवार आहे." मैत्रिणीला बसायला सांगून त्या चहा टाकायला आत गेल्या, पट्टा हातात तसाच होता.