पिकअपला पांढरे दिवे बसवले तेव्हा

आमची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याच्या रानात नेऊन द्यायची, हा आमचा धंदा. सोलापूरच्या उन्हात हे काम दिवसा जमत नाही. ऊन चढल्यावर ट्रे गाडीत राहिले की रोपं माना टाकतात, म्हणून गाडी पहाटेच्या अंधारातच निघते. गाडी म्हणजे पिकअप. ती माझे यजमान चालवायचे. बी टोचणं, पाणी, औषधं आणि गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला रोपांवर सावलीची हिरवी जाळी ताणताना ते शिडीवरून पडले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हात गळ्यात आला. पुढचे काही महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बदली ड्रायव्हर मिळाले, पण पहाटेच्या कामाला एकही टिकला नाही. माझ्याकडं लायसन्स होतं. आजवर मी गाडी चालवली होती ती फक्त दुपारची, खताच्या दुकानापर्यंत. दुसरा मार्ग नव्हता म्हणून मी उजवीकडं बसले आणि वाटा माहीत असलेले ते डावीकडं.

पहिल्याच खेपेला माझ्या लक्षात आलं की मला पुढचं दिसत नाही. हेडलाइटचा उजेड पिवळा, मळकट; गाडीपुढं थोडा पसरायचा आणि तिथंच संपायचा. वळणावरची बैलगाडी अगदी जवळ आल्यावर दिसली आणि मी ब्रेक दाबला. मागं ट्रे एकमेकांवर घसरले.

"दिवे मंद हायत," मी म्हणाले.

"मंद कुटं? इतकी वर्षं ह्याच उजेडात चालवली की मी."

"तुमाला रस्ता पाठ हाय. मला न्हाय."

त्यांचा पाय खालच्या मॅटवर सारखा दाबला जात होता, जणू तिथं ब्रेक आहे.

आठवड्याभरानं मी गाडी वायरिंगवाल्याकडं नेली. ते सोबत आले, पण खाली उतरले नाहीत. वायरिंगवाला उत्साही माणूस होता. मी फक्त हेडलाइटचं विचारलं होतं. तो गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, "भाभी, आगे का अकेला लगाके क्या करते? पुरा एलईडी करो. बॅटरी पे लोड भी कम."

मी करा म्हणाले. दुपारभर मी त्याच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसून होते. हेडलाइट, पार्किंग, मागचे ब्रेकचे लाल दिवे, इंडिकेटर, रिव्हर्सचा, नंबर प्लेटवरचा, एकेक जुना बल्ब निघाला. त्यातले काही आतून काळे पडलेले होते. सगळं बसवून झाल्यावर त्यानं इंडिकेटर लावून बघितला, तर तो भलत्याच घाईनं टिकटिकायला लागला.

"बिगडलं की," यजमान आतूनच म्हणाले.

वायरिंगवाला हसला. नवा बल्ब वीज कमी ओढतो, त्यामुळं गाडीला वाटतं की बल्ब उडालाय, म्हणून ती घाई करते, असं त्यानं समजावलं. त्यानं आतला फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी, बदलला आणि टिकटिक पहिल्यासारखी झाली. अंधार पडेपर्यंत थांबून उजेड बघावा, असं त्याला किंवा मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी बाहेर काढली तेव्हा मी चकित झाले. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. बाभळीच्या शेंगा मोजता आल्या असत्या. मी पहिल्यांदाच तिसऱ्या गिअरच्या वर गेले. समोरून येणारे मात्र दिवे वर-खाली करून सारखे डिपर मारत होते. मला वाटलं, एवढ्या पहाटे बाई गाडी चालवताना दिसली म्हणून मारत असतील.

"तुला न्हाय बघत ते," यजमान म्हणाले. "त्यास्नी काय दिसतच नसंल."

मंगळवेढ्याकडचा मोठा रस्ता सोडून आम्ही गावाच्या वाटेला लागलो. एका चढावर रस्ताभर मेंढरं होती. आमचा उजेड पडला आणि पूर्ण कळप जागच्या जागी थांबला. सगळ्यांचे डोळे चमकले. मग पुढची मेंढरं मागं फिरली, मागची त्यांच्यावर चढली, काही बांधावरून खाली उड्या टाकायला लागली. मी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला. त्यानं ती आणखीच बुजली.

एक म्हातारा मेंढपाळ डोळ्यांवर आडवा हात धरून ओरडत आला. "ओ, लाइट बंद करा की! मेंढरं बुजल्यात, दिसंना झालंय त्यास्नी!"

मी हेडलाइट बंद केले. एकदम काळोख झाला. नुसत्या घंट्या आणि खुरांचा आवाज. यजमान एका हातानं दार उघडून उतरले आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग बांधाखाली गेले. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. माझ्यामुळं एखादं मेंढरू मेलं असेल का, एवढाच विचार डोक्यात होता आणि तो फार वेळ होता.

उजाडता उजाडता कळप पुन्हा रस्त्यावर आला. एक कोकरू लंगडत होतं, बाकी ठीक होतं. म्हातारा माझ्या खिडकीशी आला. त्यानं बाई बघितली आणि त्याचा आवाज खाली आला.

"ताई, लाइट लई चांगली हाय," तो म्हणाला. "पर तुमालाच चांगली हाय."

आम्ही त्या दिवशी उशिरा पोचलो. मिरचीची वरची रोपं सुकली होती, ती शेतकऱ्यानं बाजूला काढली.

परतीच्या वाटेवर यजमानांनी स्वतःहून वायरिंगवाल्याकडं गाडी घ्यायला सांगितली. या वेळी ते उतरले. संध्याकाळपर्यंत थांबून गाडी एका भिंतीसमोर उभी केली, वायरिंगवाल्यानं हेडलाइटमागचे स्क्रू फिरवले आणि उजेडाची कड भिंतीवर खाली खाली आणली. यजमान डाव्या हातानं दाखवत होते, "अजून खाली. अजून." तरीही पांढरा झोत फुटून बाजूला जातच होता. शेवटी पुढं दोन नवे साधे बल्ब बसवले. आमचे जुने बल्ब वापरून मंदावलेले होते, नव्यांचा उजेड चांगला पडत होता. बाकी सगळीकडं एलईडी तसेच राहिले. मागून येणाऱ्याला आमचा ब्रेक लांबून दिसतो, हे वायरिंगवाल्यानं दोनदा सांगितलं.

खांदा भरून आला, पण हात वर नेताना दुखतो. शहरातल्या खेपा ते करतात. पहाटेच्या खेपा माझ्याकडं राहिल्या. तसं कुणी ठरवलं नाही. परवा टायर बदलायचे होते. दुकानदार त्यांना दोन प्रकार दाखवत होता. त्यांनी दोन्हींवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "कुटलं घालायचं?"