आमची अध्यक्ष आपा

कुलसचिवांच्या दालनात शिरताना आपा परवानगी मागायची, बसताना मात्र नाही. साहेबांनी मान वर करायच्या आत ती समोरची खुर्ची ओढून बसलेली असायची आणि दाराशी ताटकळलेल्या आम्हालाही म्हणायची, "बसा रे, उभं काय राहून राहिले?" बाहेर आल्यावर सांगायची, "उभ्या माणसाचं बोलणं अर्ज वाटतं, बेटा. बसून बोललं की चर्चा होते."

आपा म्हणजे आमच्या विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष. नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या शिंप्याची लेक, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिची निवड बिनविरोध झाली, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. लातुरात तेव्हा शिकवणी वर्गांना भर आला होता आणि जो तो तिकडं शिकवायला जायच्या बेतात होता. मला सचिव केलं ते अक्षर बरं म्हणून.

पहिल्या बैठकीत आपाने विचारलं, "तुम्हाला खरंच काय नडतंय, ते सांगा." मी म्हणालो, "आपा, प्रयोगशाळा पाचला सुटती आणि ग्रंथालय बी पाचलाच बंद होतं. मग वाचावं कधी?" आपाने साहेबांकडे खेटे घातले आणि ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडं राहू लागलं. पण शहरात राहणाऱ्या मुलींना त्याचा उपयोग होईना, कारण शहराकडे जाणारी शेवटची बस सहालाच सुटायची. आपा पुन्हा गेली. "सर, कुलूप काढलंत, आता चाकाचं बघा."

उशिराची बस सुरू झाली त्या दिवशी तिने वसतिगृहातल्या आम्हा सगळ्यांनाही बसमध्ये कोंबलं. "सवारी नव्हती म्हणून बंद केली, असं कुणी म्हणायला नको!" आम्ही गाणी म्हणत शहरात गेलो आणि परतीची बस नाही हे उतरल्यावर लक्षात आलं. आपाने सगळी वरात घरी नेली. तिच्या अम्मीने काहीएक न विचारता परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. त्या रात्री कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून झोपताना मला पहिल्यांदा वाटलं, आपलं मंडळ खरंच आहे.

पण कसोटी लागली ती सुनंदामुळे. सुनंदाचं गाव भूकंपात गेलं होतं, आईवडील गेले होते. आपा तेव्हा तिथल्या छावणीत कामाला होती. पत्र्याच्या शेडमध्ये पुस्तक धरून बसलेली ही बारावीतली मुलगी तिला भेटली. आपाने तिला नांदेडला आणून शिकायला घातलं. पुढं सुनंदाचं लग्न झालं, तीही संशोधनाला लागली, आणि तिला दिवस गेले. विद्यापीठात संशोधकांना बाळंतपणाची रजा नव्हती. सलग गैरहजर राहिलं की नोंदणी रद्द.

सुनंदाने ट्रंक भरायला घेतली. "ऱ्हाऊ द्या आपा. मुरुडला सासरी जाऊन एखाद्या क्लासवर शिकवीन. लई झालं शिकून."

"छावणीत पण तू असंच म्हणायचीस, माझं ब्लँकेट दुसऱ्याला द्या," आपा म्हणाली. "तेव्हा ऐकलं न्हाई, आता बी ऐकणार न्हाई." आणि तिने ट्रंकेतली पुस्तकं काढून परत फळीवर लावली.

आम्ही तिघं कुलसचिवांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त नियमाबाहेर पाऊल टाकायला घाबरायचे. म्हणाले, "हे बघा, संसार आणि संशोधन एका वेळी होत नसतं."

"तुमचं झालं की, सर," आपा म्हणाली.

"माझं वेगळं. घरी बायको होती सगळं बघायला."

"तेच तर सांगून राहिले, सर. सुनंदाला बायको न्हाई."

साहेबच असे खदखदून हसले की शिपाई आत डोकावला. डोळे पुसत ते म्हणाले, "बरं. हिच्यापुरती खास सवलत देतो. नियमाला हात लावू नका."

आम्हाला हवं ते मिळत होतं. नाही म्हटलं तर तेही जाणार होतं. आपाने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला एकटीला नको, सर. सगळ्या पोरींना द्या."

पुढचे आठवडे आपा नियम ठरवणाऱ्या विद्यापरिषदेच्या एकेका सदस्याला गाठत फिरली. सगळ्यांसाठी बाळंतपणाच्या रजेचा ठराव मंजूर झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सुनंदाला मुलगी झाली. आपाने आवारभर जिलेबी वाटली. कुलसचिवांनी दोन उचलल्या.

प्रबंध पूर्ण करून आपा उदगीरला कॉलेजात लागली. तिला निरोप द्यायला स्टँडवर आम्ही इतकेजण जमलो की कंडक्टरला वाटलं, लग्नाचं वऱ्हाड आहे. मीही पुढं लातूरच्या एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवू लागलो. तिथं पोरांना रविवारचीही सुट्टी नव्हती. पेंगणारे चेहरे बघवेनात, तेव्हा एके दिवशी मालकांपुढे जाऊन बोललो. रविवारची दुपार मोकळी करून घेतली. त्या रविवारी गल्लीत क्रिकेटचा गलका सुरू होता. मी एसटीडी बूथवरून आपाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"कितीजण गेला होता?" तिने विचारलं.

"एकटाच."

"एकटा कशाला गेलास, येड्या?" ती पलीकडून ओरडली. "पुढच्या वेळी सगळे मास्तर घेऊन जा, रविवार पुरा मिळंल!"