सारवलेली नोटीस

सरकारी नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य म्हणजे 'संबंधितांनी नोटीस घेण्यास नकार दिला'. त्यातले किती नकार मी स्वतःच्या कानांनी ऐकले, ते विचारू नका.

बोरीवलीला राखीव जंगलातल्या पाड्यांवर नोटिसा बजावायचं काम माझ्याकडे होतं. नियम साधा. नोटीस घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायची, सही घ्यायची. घेतच नसेल, तर दोन पंचांसमक्ष भिंतीवर चिकटवायची. पण आम्ही जाणार सकाळी अकराला. तेव्हा पाड्यावरच्या बायका आमच्याच सोसायट्यांमध्ये भांडी घासत असणार. मग दार बंद दिसलं की खळ लावायची, मोबाइलवर फोटो काढायचा आणि चहाच्या टपरीवर पंचांच्या सह्या घ्यायच्या. पुन्हा संध्याकाळी कोण चढ चढणार? माझे गुडघे दुखायचे हे एक कारण. आळस हे दुसरं, आणि खरं.

असाच एक कागद मी एका कुडाच्या घराला लावला, दार लोटलेलं बघून, हाकही न मारता. घरात एक विधवा बाई आणि तिची म्हातारी सासू. घर हटवण्याआधी बाईचं म्हणणं ऐकायची तारीख त्यात होती. त्या तारखेला ती आली नाही. एकतर्फी आदेश निघाला, सोमवारी घर पाडायचं.

शुक्रवारी ती कार्यालयात आली. पाडायच्या घरांची यादी नाक्यावर लागली होती, ती तिनं वाचली होती. साहेबांनी फाइल उघडून माझा शेरा दाखवला.

"मी कधी नकार दिला?" तिनं थेट मलाच विचारलं. "ओ, तुम्ही मला आज पहिल्यांदा बघताय ना?"

"फोटो आहे फाइलमध्ये," साहेब म्हणाले. विषय संपला.

मी फाइल उचलून कपाटात ठेवली. पण दुपारी राहवेना, म्हणून पाड्यावर गेलो. भिंतीवर कागद नव्हता. फाडला असणार, सुटलो, असं मी मनात म्हटलंसुद्धा. तेवढ्यात सासू बाहेर आली.

"कागद? व्हता ना. मतं मागणारे बी चिकटवत्यात तसले. त्याच दिशी दिवाळीसाठी भिंत सारवली, त्याच्यावरनंच सारवलं." तिनं नखानं शेणाचा पोपडा काढला. आतून आमच्या गोल शिक्क्याची कड दिसली. "कामाचा व्हता का रं बाबा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन बायकांचं घर जाणार होतं, आणि ते माझ्या एका ओळीमुळे.

परत येऊन मी फाइलवर लिहिलं, 'नकाराचा शेरा खोटा आहे. मी संबंधितांना भेटलोच नव्हतो.'

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" साहेब म्हणाले. "रिटायरमेंट तोंडावर आलीय." त्यांनी मला मेमो दिला. तो योग्यच होता. पण भला माणूस, सोमवारचं पाडकाम त्यांनी त्याच संध्याकाळी थांबवलं.

नवी नोटीस घेऊन मी संध्याकाळी सातला गेलो, बाई कामावरून आल्यावर. सुनावणीला ती सासऱ्यांच्या कागदांची पिशवी घेऊन आली. सासऱ्यांनी केलेल्या वनहक्काच्या दाव्याचा निकाल अजून लागलाच नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, तर कळणार कसं? दाव्याचा निकाल लागेपर्यंत घराला हात लावायचा नाही, असा आदेश झाला. पुढे काय होईल ते मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं.

आदेशाची प्रत द्यायला मीच गेलो. सहीसाठी पेन पुढे केलं, तर तिनं ते घेतलं नाही.

"आधी तुम्ही लिहा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मी लिहिलं, 'प्रत समक्ष हातात दिली.' तिनं एकेका शब्दावर बोट ठेवून ते वाचलं, आणि मगच सही केली.