बंगलोरच्या प्लॉटवरचा हरभरा

चार मुलखांच्या बायका डाळ निवडायला एकत्र बसल्या की किस्से आपोआप जमतात. मुलाला बंगलोरला कंप्युटरची नोकरी लागली, तेव्हा मी अकोल्याकडून राजाजीनगरला आले. सून सुनंदा पोटुशी. दोघं म्हणाली, "आई, आता इथंच राहा." घरामागे रिकामा प्लॉट होता. मी म्हटलं, "इथं माझा हरभरा आला तर राहीन. नाही तर बाळंतपण उरकलं की गाडीत बसेन!"

*

घरमालकीण अक्का. घरात मराठी, पण पिढ्या इथल्याच. म्हणाली, "आमची तूर नाचणीच्या रानात."

"बाप्पा! तूर तर कपाशीत लावतात!"

"कपाशीत? मग आमटीत कापूस येत नाही का हो, आजी?"

खरंच विचारलं की टोमणा मारला, मला अजून कळलेलं नाही.

*

एकदा डाळ भरडायच्या आधी अक्का तुरीला ओली लाल माती फासत बसलेली. मी म्हटलं, "चांगल्या धान्याला माती? आम्ही डाळ करताना तेल लावतो."

"तेल? तुमच्याकडं डाळीची दिवाळी असते की काय!"

*

वरच्या मजल्यावरची शैला रायगडची. थंडीत अक्कानं अवरेच्या शेंगा आणल्या. शैला ओरडली, "अगं, हे तर आमचे वाल! भात कापला की त्याच रानात पेरतो."

"आम्ही पावसात पेरतो. दव पडलं की शेंगेला वास येतो," म्हणत अक्कानं शेंग माझ्या नाकाला लावली.

मी म्हटलं, "अक्का, ही शिजवायची की अत्तराच्या फायासारखी कानात घालायची?"

*

हरभरा वीतभर झाला. मी शेंडे खुडले. अक्का काठी घेऊन धावत आली, "बकरी शिरली, बकरी!"

"मीच ती! खुडल्यावर फांद्या फुटतात."

अक्कानं काठी खाली टेकवली. "सरी, बरं. पण आजी, बकरी पण हेच म्हणत असेल!"

*

आणि हरभरा पिवळा पडत गेला. आमच्याकडं पेरल्यावर पाणी दाखवत नाहीत, मीही दाखवलं नव्हतं, तरी तो कुजत होता. मला काही उमगेना. शेवटी सुनंदा रडत म्हणाली, "आई, लवकर वाढावा म्हणून मी रोज बादली ओतत होते."

मी मुलाला म्हटलं, "माझं रिझर्व्हेशन बघून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागं गेले. हरभरा ताठ उभा, घाट्यांनी लगडलेला! एका झाडाला बाजारातल्या जुडीची केळीच्या सोपटाची दोरी तशीच. शेजारी सुनंदा, कोपरापर्यंत मातीत. भिंतीवरून अक्का, "बघा आजी, आमची जमीन!"

मी एक घाटा सोलून तोंडात टाकला आणि मुलाला हाक मारली, "अरे, रिझर्व्हेशन राहू दे! एका दिवसात असं पिकवणारी जमीन अकोल्यात कुठली?"