मर्लने बिघडवलेला खर्डा

मर्ल होस्टेटलर सत्तावन्नाव्या वर्षी कॉलेजात गेला तो हौसेने नव्हे. ओहायोतल्या काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्याची कंबर कामातून गेली होती. नव्या कामगारांना शिकवायची, बसून करायची जागा रिकामी होती. पण त्यासाठी कॉलेजातला निबंधलेखनाचा वर्ग पास व्हायला हवा होता. भट्टीचा आणि निबंधाचा संबंध काय, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

शिकवायला कॉरिन. वय तिशीचं, साक्षरतेबद्दलचे विचार मात्र अवाढव्य.

"वाचता-लिहिता आलं की साक्षर, हे डोक्यातून काढून टाका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "अंगावरचं गोंदण ही साक्षरता आहे. आजीचा ॲपल पाय ही साक्षरता आहे."

मर्लला बरं वाटलं. 'मी लिहायला कसा शिकलो' हा निबंध त्याने एका बैठकीत लिहून टाकला. भट्टीपाशी एक वही असते. शिफ्ट संपवून जाणारा माणूस येणाऱ्यासाठी त्यात लिहून जातो. नवा असताना मर्लने एकदा पानभर लिहिलं होतं. त्याचा उस्ताद ओटिस याने ते सगळं खोडलं आणि एकच ओळ ठेवली: 'तिसरा खटका अडकतो, हात घालू नको.' वर म्हणाला, "येणाऱ्याला तुझं मन नकोय रे, त्याला स्वतःची बोटं हवीत." त्या दिवसापासून मर्लने वहीत फालतू शब्द लिहिला नाही आणि खोटा तर नाहीच. निबंध दीड पानात संपला.

वर्गात एकमेकांचे खर्डे वाचायची पद्धत होती. मर्लचा खर्डा ब्रिएलकडे आला. ती एकोणीस वर्षांची, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला.

"मर्ल, तुमचं काही खरं नाही," ती म्हणाली.

"का, वाईट आहे?"

"चांगलं आहे, तेच तर. शंभरातले साठ गुण प्रगतीचे. पहिला खर्डा आणि शेवटचा, यात फरक दिसला पाहिजे. तुम्ही आता सुधारणार काय, कपाळ?"

मर्लने तरी सुधारून पाहिलं. बालपण घातलं, सूर्यास्त घातला, कधी थेंबही न घेतलेल्या बापाला दारुडा केला. नमनाला घडाभर तेल जळलं आणि अकरा पानांत ओटिस कुठे सापडेना. शेवटी त्याने ब्रिएलने सुचवलेली युक्ती केली. नवाच एक पहिला खर्डा लिहिला, मुद्दाम बिघडवून, मागची तारीख घालून, आणि मूळचा दीड पानांचा शेवटचा म्हणून दिला. चांगल्याला एक बैठक लागली होती, वाइटाला तीन लागल्या.

कॉरिनने दोन्ही वाचले आणि तिचे डोळे भरून आले. "कुठून कुठे आलात तुम्ही!"

मर्लला त्याची लाज वाटली. एकतीस वर्षांत खोटी लिहिलेली ही पहिलीच नोंद.

शेवटच्या तासाला पुढच्या सत्रातल्या मुलांसाठी प्रत्येकाने एक पत्र लिहून वाचायचं होतं. कोणी स्वतःवर विश्वास ठेवा म्हणालं, कोणी स्वतःचा आवाज शोधा. निकाल अजून लागायचा होता. गप्प बसला असता तर मर्लची जागा पक्की होती, पण येणाऱ्यासाठी लिहायचं म्हटल्यावर त्याचा हात खोट्याकडे वळेना. तो उभा राहिला.

"पुढच्या शिफ्टसाठी. इथे चांगला पहिला खर्डा अडकतो. मी तो शेवटचा म्हणून दिला आणि बिघडवलेला पहिला म्हणून. तारीख खोटी आहे. मर्ल."

ब्रिएल बाकावरच्या रेघा मोजू लागली. कॉरिनचा चेहरा लाल झाला. "असं कोणी वाचून दाखवतं का हो?" ती एवढंच म्हणाली.

खोट्या तारखेबद्दल नियमाप्रमाणे दोन पायऱ्या खाली. 'ए'चा 'सी' झाला. पास व्हायला 'सी' पुरत होता.

पास झाल्याचा कागद घ्यायला मर्ल गेला, तेव्हा त्याचं पत्र वर्गाच्या फळ्यावर लावलेलं होतं. त्याला हायसं वाटलं. जवळ गेल्यावर समासात कॉरिनच्या हातचं पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'प्रामाणिक! थोडं आणखी खोलात जाता येईल का?'

मर्लने खिशातली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'नाही.'